बंद केलेला डोळा

कारखान्यात कपाटांच्या ऑर्डरी थांबल्या, नवऱ्याचा पगार अर्ध्यावर आला आणि घरखर्चाची सूत्रं मी हातात घेतली. कुणी दिली नव्हती, मीच घेतली. नवरा सुतार, सासरेही जन्मभर सुतार. दोघांना हिशेब कळतो तो फळीचा. पैशाचा मलाच बघावा लागतो.

मी खर्चाला अशी कात्री लावली की नवरा म्हणायचा, "श्वास घेतला तर चालेल ना, की तोही एक दिवसाआड?" मी म्हणायचे, "घे, पण मोठा नको." पेपर बंद केला. गरम पाण्याची आंघोळ बंद केली. चिमणीचा, म्हणजे आमच्या लेकीचा, पोहण्याचा क्लास बंद केला, तर ती आठवडाभर गाल फुगवून बसली. नवऱ्याने नवे बूट मागितले, मी जुन्यांनाच तळवे लावून आणले. घरात सारखी कुरकुर. सासरे तेवढे शहाण्यासारखे वागले. इतक्या वर्षांचा पेपर बंद झाला तरी हूं नाही की चूं नाही. मी येताजाता सगळ्यांना ऐकवायचे, "बाबांकडून शिका जरा."

बाबांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर हळूहळू जाते. गेलेली परत येत नाही, राहिलेली थेंब घालून राखायची. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. बाटली करंगळीएवढी, पण आमच्या घरात तिच्याइतकं महाग दुसरं काही येत नाही. त्या बाटलीला मी हात लावला नव्हता हं. इतकी काही मी बेअक्कल नाही. औषधात काटकसर करायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाटली बाबा स्वतः आणायचे, थेंबही स्वतःच घालायचे. आपलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

मग परवा संध्याकाळी स्टुलाचा पाय ठोकताना त्यांचा हातोडा अंगठ्यावर बसला. आयुष्यभर हातोडा चालवलेला माणूस, तो असा चुकावा याचं मला नवल वाटलं, पण वय झालं म्हणून मी सोडून दिलं. अंगठा टम्म सुजला, बाटली दाबता येईना. मी म्हटलं, "आणा इकडे, मी घालते." ते नको नको म्हणत होते. मी ऐकतेय होय? खुर्चीत बसवलं, मान मागे करायला लावली आणि उजव्या डोळ्यात थेंब टाकला. डाव्याकडे वळले तर त्यांनी तळहात आडवा धरला.

"तो नको."

"का?"

"तो मी बंद केलाय."

मी हसले. खरंच हसले. वाटलं, चेष्टा करताहेत.

"बंद केलाय म्हणजे काय, बाबा?"

"तू पेपर बंद केलास ना, तेव्हाच. बाटली दुप्पट पुरते." इतकं सरळ सांगितलं, जसं काही दिवा मालवल्याचं सांगताहेत. "घाबरू नकोस गं. फळीची धार बघताना आम्ही एक डोळा मिटतोच की. सुताराला एकच लागतो. उजवा कामाचा, तो ठेवलाय."

हातातली बाटली तशीच तिरकी, त्यातून थेंब त्यांच्या सदऱ्यावर पडत होते आणि मला ती सरळ धरायचंही सुचत नव्हतं. नवरा दारात उभा होता, तो तिथेच खाली बसला. चिमणीने पुढे होऊन आजोबांचा उजवा डोळा आपल्या तळव्याने झाकला आणि तोंडासमोर बोटं धरली.

"किती, आजोबा?"

"तुझ्या हाताला आहेतच पाच. त्यातलीच काही असतील," ते म्हणाले आणि हसले. बाकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वर्षभर तपासणीला गेलेच नव्हते, तिचीही फी वाचवली होती. बाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग डाव्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि विचारलं, "उजेड दिसतो?" बाबा म्हणाले, "कुठाय?"

मी मध्येच बोलले, "ऑपरेशन करा. लागेल तेवढा खर्च करू. मी दागिने मोडते." नवऱ्याने माझा दंड धरला, मी तो झटकला. "कितीही होऊ दे, बाई, तुम्ही आकडा सांगा."

"आकड्याचा प्रश्न नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता काहीच करता येणार नाही." मग त्या कागदावर लिहू लागल्या. "उजवा जपायला हवा. थेंब रोज, न चुकता. डाव्यात घालून काही उपयोग नाही. यापुढे एकाच डोळ्यात घाला."

बाबांचा चेहरा खुलला. "बघ, मी तेच करत होतो," ते मला म्हणाले. "तू उगाच जिवाला लावून घेतेस, पोरी. खर्च काही वाढत नाही."

माझी समजूत काढत होते ते. मी त्यांच्या डाव्या हाताला, अगदी खेटून उभी होते. तोंडात पदर कोंबून रडत होते, आणि त्यांना ते दिसत नव्हतं.