जाळीतली डोकी

मागची टेकडी घसरत घसरत बोळ ओलांडून स्वयंपाकघराला टेकली, तेव्हा कुठे कलावंतांनी छिन्नी खाली ठेवली. बायकोने गवंडी आधीच बोलावला होता. बोळातली माती उपसून टेकडीच्या पायथ्याशी तारेच्या जाळीचे पिंजरे रचायचे, त्यांत दगड भरायचे, की टेकडी जागच्या जागी. पिंजरे परवडत होते. खाणीच्या दगडाचा भाव ऐकून मात्र दोघांचे डोळे पांढरे झाले.

"विटांचा राडारोडा फुकट मिळेल," बायको म्हणाली.

"दोन वर्षांत भुगा होऊन जाळीतून गळेल, काकू. टणक माल पाहिजे."

बोलता बोलता गवंड्याची नजर अंगणात गेली. तिथे कलावंतांनी हौसेने घडवलेली काळ्या दगडाची त्रेसष्ट डोकी उभी होती, शेजारी कपच्यांचे ढीग. एकही डोकं कधी विकलं गेलं नव्हतं. गवंड्याने एकाच्या टाळक्यावर हातोडी वाजवली. खणखणीत.

"माल तर घरातच आहे की!"

कलावंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी कला भराव म्हणून घालणार?"

तेवढ्यात स्वयंपाकघराची भिंत कडकन तडकली आणि कलावंत एकदम उदार झाले. अट एकच: चेहरे बोळाकडे हवेत. चाळीस वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता येणाऱ्याजाणाऱ्याची सुटका नव्हती.

"सपाट बाजू बाहेर लागते, काका," गवंडी म्हणाला. "नाकं पुढे आली की जाळी फुगते. चेहरे आत करा, नाहीतर नाकं उडवा."

कलावंतांनी छिन्नी पुन्हा उचलली. "मातीत तोंड खुपसून बसण्यापेक्षा नकटी बरी!" असं म्हणून त्यांनी पहिलं नाक उडवलं. दहाव्यापर्यंत डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढे हात बसला.

बासष्ट झाली. त्रेसष्टावं डोकं बायकोचं होतं, लग्नाच्या वर्षी घडवलेलं. कलावंतांनी छिन्नी टेकवली, पण हातोडी काही उचलेना.

"माझं तोंड आत करा," मागून बायको म्हणाली. "टेकडीवर आजवर मीच लक्ष ठेवलंय. दहा वर्षं सांगतेय, सरकतेय म्हणून. तुम्ही एकदा तरी मान वर करून पाहिलंत?"

कलावंतांनी छिन्नी बाजूला ठेवली. ते डोकं त्यांनी स्वतः उचललं आणि नाकासकट, टेकडीकडे तोंड करून बसवलं.