अकरा सेकंदांच्या पुढचं

मागच्या मडगार्डवरचा 'आ', त्याला लागून 'दे', आणि पुढे आडवा आलेला साडीचा हिरवा पदर... स्वीटीनं पडद्यावर थांबवून मोठं केलेलं ते चित्र इतकं विरलं होतं की मडगार्डचा निळा रंगसुद्धा चौकोन चौकोन होऊन फुटला होता, तरी ती दोन अक्षरं मात्र जिथल्या तिथे, ठसठशीत – पेंटर म्हणाला होता, अण्णाजी, लुना सडंन पण हे नाव जाणार नाही, आणि बाबा नुसतेच हसले होते, आणि सहा वर्षांचा मी आपलंच नाव बोटानं गिरवत... आदेशनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं काही हलली नव्हती.

"सर, 'आदे'वरून काय असू शकते?" स्वीटीनं विचारलं.

"आदेवार," तो म्हणाला. "आडनाव असेल. आपल्याकडे आहेत आदेवार."

"हो का सर?" तिनं वहीत लिहून घेतलं. लिहिताना पेन जरासं थांबलं, की त्याला तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तेच असेल. दुपारी तीनला संशोधन समितीसमोर तिच्या प्रबंधाचा विषय मांडायचा होता, त्याच्या मार्गदर्शनाखाली, आणि तिचा विषय होता ही अकरा सेकंदांची चित्रफीत, जी एव्हाना एक्केचाळीस लाख लोकांनी पाहिली होती आणि जिच्यातल्या बाईचं नाव त्या एक्केचाळीस लाखांत फक्त एका माणसाला ठाऊक होतं. तो माणूस मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा – फरक एवढाच की इथे वळसा कळसाच घालायला लावत होता.

नलू अण्णाजी उमाटे, मुक्काम देवळी. आदेशची आई.

लोकप्रिय संस्कृती अध्ययन विभाग अशी पाटी बाहेर होती. विद्यापीठातले इतर लोक त्याला टीव्ही विभाग म्हणत आणि इथे रील पाहायचा पगार मिळतो असं एकमेकांना सांगत. काचेच्या कपाटात लग्नाच्या बँडवाल्याचा जरीचा कोट टांगलेला, भिंतीवर भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, ट्रकच्या पाठीवरच्या ओळींचे फोटो. लोक ज्याला हसतात, ज्याला रडतात, ज्याच्या तालावर नाचतात, ते सगळं इथे एका शब्दात बसे – साहित्य. विभागप्रमुख प्रभाकरराव पहिल्याच दिवशी मुलांना सांगत, डोळे उघडे ठेवा रे, साहित्य तुमच्या अंगणात पडलेलं असतं. आदेशनं ते वाक्य फारच मनावर घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, बाबांना जाऊन पाचवा दिवस. अंगणात निंबाला टेकवून ठेवलेली लुना. पुलगावच्या मिलमध्ये होते तेव्हापासूनची, रोज देवळी-पुलगाव, पुलगाव-देवळी, मिल सुटल्यावर वावरात, बाजारात. आईनं कधी हात लावला तर चालू व्हायची नाही आणि बाबांनी पायडल मारलं की लगेच फुर्रकन. पाहुणे जेवून लवंडले होते. तो खिडकीशी उभा होता, डोळे कोरडे, पाच दिवस कोरडेच, आपल्याला रडू का येत नाही याचीच भीती बसलेली – आणि आई झाडू टाकून लुनासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. त्यानं मोबाइल काढला. का काढला? हात आपोआप खिशाकडे गेला, एवढंच त्याला आठवतं... पण आपोआप काही नसतं, हे तो वर्गात शिकवतो.

"आता काऊन उभी हायस वं? सांजसकाय त्यायले पाठीवर घेऊन फिरत होती नं? मी हात लावला का रुसत होती! मंग जा नं आता त्यायच्याच मांगं... सवत कुठली!"

अकरा सेकंद. पुढे तिचा आवाज फुटला. तिथे त्यानं मोबाइल खिडकीच्या गजात तसाच सोडला आणि मागच्या दारानं निघून गेला, विहिरीपाशी, हौदाच्या काठावर, त्याला वाटलं कितीतरी वेळ. आईकडे गेला नाही. परत आला तेव्हा अंगण झाडून झालं होतं आणि मोबाइल अजून आपला चालूच होता, सहा मिनिटं चाळीस सेकंद. तेरवी झाल्यावर वर्ध्याच्या खोलीत त्यानं पहिले अकरा सेकंद कापले आणि खोट्या नावानं नेटवर सोडून दिले. कोणीतरी हसावं म्हणून? आपल्यालाच हसू यावं म्हणून? उरलेलं त्यानं कधी ऐकलं नाही. पुसलंही नाही. दोन वर्षांत मोबाइल बदलला तेव्हा सगळ्यात आधी तेच नव्यात घेतलं.

लोक मात्र पोट धरून हसले. नागपूरच्या नवराबायकोंनी त्या आवाजावर ओठ हलवले, कोणी म्हशीला लावला, कोणी बंद पडलेल्या ट्रॅक्टरला, एका नवरदेवानं तर वरातीतल्या घोडीला. आदेश सगळं पाहत राहिला. प्रत्येक ठिकाणी आईचा आवाज आणि अकराव्या सेकंदाला कात्री. आईकडे बटणाचा फोन, तिला कळणार कसं? झाकली मूठ होती. आणि आता ही पोरगी ती मूठ एकेक बोट करून उघडायला निघाली होती.

"सर, मी त्या बाईले शोधीन म्हणते," स्वीटी म्हणाली. "तिले माहीत तरी असंल का, का लोक तिले एवढे ओळखतात म्हणून?"

"शोधून काय करणार? आपला विषय चित्रफीत आहे, बाई नाही." हे वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

स्वीटीनं फक्त चित्र बंद केलं.

डबा त्यानं उघडला आणि तसाच झाकला. समितीला काय सांगावं? विषय उथळ आहे. नैतिक अडचण आहे – कोणती? बाईची संमती नाही... मग संमती कोणी घेतली नव्हती, सर? बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. आईला फोन करावा? आणि काय म्हणावं? आई, कोणी पोरगी आली तर दार उघडू नको... आई विचारेल, काऊन? तिचं ते 'काऊन' त्याला लहानपणापासून चुकवता आलेलं नाही. परवा रविवारीही तो देवळीला गेला नव्हता, समितीचे कागद करायचे आहेत म्हणून. खरं तर अलीकडे तो कमीच जायचा. अंगणात ती लुना अजून निंबाला टेकून होती आणि आई तिला रोज पुसायची.

तीन वाजता स्वीटीनं दिवे मालवले आणि चित्रफीत लावली. सवत कुठली! प्रभाकरराव एवढे हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई हसल्या, आणि सगळ्यांत आधी, अगदी पहिल्या शब्दालाच, जे हसू खोलीत फुटलं ते आदेशचं होतं. कुठून आलं ते? मी हसलो... आईला हसलो, भर सभेत, सगळ्यांच्या आधी, म्हणजे कोणाला वाटू नये की...

दिवे लागले. स्वीटी हसत नव्हती.

"आपण सगळे अकराव्या सेकंदाला हसतो," ती कागदात न पाहता म्हणाली. "पण तिथं तिचा श्वास अर्धा आहे. आवाजाची रेघ पाहिली मी, ती संपत नाही, तोडली आहे. पुढं काहीतरी आहे आणि ते कोणीतरी कापलं आहे. ही बाई विनोदी आहे का, हा माझा प्रश्नच नाही. कापणाऱ्यानं तिथंच काऊन कापलं, तो प्रश्न आहे."

"वा!" प्रभाकरराव म्हणाले. "उमाटे, मुलगी तयार केलीत हो तुम्ही!"

विषय मंजूर झाला. मंडळी चहाला गेली. स्वीटीनं संमतीचा फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. सर जिथे सह्या करायच्या तिथे ती पेन्सिलनं बारीक फुल्या करून आणायची, तिची पद्धतच होती. मार्गदर्शकाची सही – फुली. दिनांक – फुली. आणि तिसरी फुली भलत्याच जागी, शेवटच्या रकान्याशी: 'माहिती देणारी व्यक्ती मार्गदर्शकाच्या नात्यातील असल्यास नाते लिहावे.' या रकान्यात सगळे डोळे झाकून 'निरंक' लिहीत. स्वीटीनं लिहिलं नव्हतं.

"ही फुली चुकून झाली का?"

"नाही सर," ती म्हणाली. "मी फॉर्म उद्या घेऊन जाईन. घाई नाही." आणि बॅग उचलून निघून गेली.

तो बसून राहिला. फोन थरथरला. आई. या वेळेला ती कधी फोन करत नाही.

"जेवला का बापू?"

"हो. का गं?"

"काई नाई. थे तुई पोट्टी आयतवारी आलती, लुनेवरचं तुयं नाव पाहाले. स्वीटी. चांगली हाय. माया हातची भाकर खाल्ली, लुनेपाशी बसली, अन् मोबाइलात मले मीच दाखोली."

रविवारी. म्हणजे सकाळी 'आदे'वरून काय असू शकते असं विचारलं तेव्हा... म्हणजे ती दिवसभर मला दार उघडून देत होती आणि मी दिवसभर ते लावत होतो.

"आई, ते मी..."

"फोटू खिडकीतून काढेल हाय, अन् थे खिडकी तं तुईच हाय नं. तिथून तूच पाह्यते अंगणात. मी पाह्यताच वयखली. हासली मी पयले. सवत म्हटलं म्या तिले! लोक हासतात तं हासू दे."

"तुला राग नाही आला?"

"आला नं. त्या दिवशीच आलता. तू मांगच्या दारानं गेला, थे मले दिसलं होतं. त्याचा आला. फोटूचा काय राग?"

भिंतीवरच्या फ्लेक्समधले भाऊ-दादा हात जोडून त्याच्याकडे पाहत होते. तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं, दोन दिवाळ्या झाल्या, दर खेपेला तिनं ताटात त्याला आवडतं ते वाढलं, आणि या सगळ्यात तिला माहीत होतं. लाज वाटते म्हणजे काय, हे आजपर्यंत त्याला पुस्तकातूनच ठाऊक होतं म्हणायचं.

"आदेश," ती म्हणाली, "पुढचं कुठी हाय?"

"अं?"

"त्याच्या पुढचं. मी सेवटले तुया बाबाले काईतरी बोलली होती. सगळं बोलली होती, जे राह्यलं होतं थे. आता मले आठवूनच नाई राह्यलं. रातन् दिवस आठवून पाह्यते. तुयापाशी असंन नं?"

नाही, असं म्हणता आलं असतं. कापलं, पुसलं, फोन बदलला. शब्द जिभेवर तयारच होते. दिवसभर तो तेच तर करत होता.

"हाय," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून आहेचं हाय झालं होतं. "पुरं हाय, आई."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"मंग आज येजो. साडेपाचची गाडी भेटंन तुले. अन् हे पाह्य... तू एकटा ऐकू नोको. दोघं मिळून ऐकू."

आईनं फोन ठेवला तरी त्याचा अजून कानाशीच होता. आईला कळेल, ही भीती त्यानं दोन वर्षं पोसली होती. आता ती शोधायला गेलं तर सापडत नव्हती, आणि तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती – निंबाखालची बाज, शेजारी आई, हातात मोबाइल, बारावा सेकंद लागेल, आणि त्या घराला मागचं दार आहे, आणि ते माझ्या पायांना पाठ आहे... त्यानं फॉर्म पुढे ओढला. तिसऱ्या फुलीपाशी 'आई' लिहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, स्टँड गाठायला रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात, आणि तो अजून खुर्चीतच बसून होता, खिशातल्या त्या सहा मिनिटं एकोणतीस सेकंदांवर हात ठेवून.