फ्रिजपुढचा पाट

देवाने आपल्याला दोन हात दिले आणि वर एक स्क्रूड्रायव्हर, अशी दत्ताराम परबांची पक्की खात्री होती. घाटकोपरच्या त्यांच्या दोन खोल्यांत वायरमनने कधी पाऊल टाकलं नव्हतं. परबांनी टाकू दिलं असतं तर ना! त्र्याऐंशी साली जुना फ्रिज घरी आला. त्याचा तीन पिनांचा प्लग भिंतीतल्या दोन भोकांत जाईना, तेव्हा परबांनी तिसरी, अर्थिंगची पिन कापूनच टाकली आणि विषय मिटवला.

तेव्हापासून फ्रिजला हात लावला की झणझणायचं. परबांनी त्यावरही इलाज काढला. जेवायचा लाकडी पाट फ्रिजपुढे टाकला आणि त्यावर उभं राहूनच दार उघडायचं, असा घरात नियम केला. चपला चालल्या असत्या, पण शेजारीच देव्हारा. बायकोने, रुक्मिणीने, वायरमनचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "शॉक कसला गं, नुसत्या मुंग्या येतात."

वर्षभर रुक्मिणीने त्या मुंग्या सोसल्या. पण आता लेक प्रेमा पहिल्या बाळंतपणाला यायची होती, सातव्या महिन्यात. पोरगी मुलखाची वेंधळी, मोरीतून ओल्या पायांनी घरभर फिरणारी. तिच्या कसला पाट लक्षात राहतोय? रुक्मिणीची झोप उडाली.

रविवारी परब लेकीला आणायला दहिसरला गेले. ते नाक्यापर्यंत पोचले नसतील, तोवर रुक्मिणी पलीकडच्या चाळीतून भीमराज कांबळेला घेऊन आली. भीमराज परवानाधारक वायरमन. त्याने आधी मेन स्विच बंद केला, मग फ्यूज उघडला. आत बारीक तारेच्या जागी चांगली जाडजूड, काही झालं तरी न वितळणारी तार. फ्रिजमागे वायरीच्या जोडाला टेपऐवजी जखमेची चिकटपट्टी. भीमराजने कपाळाला हात लावला. मग मीटरपासून अर्थिंगची तार ओढली, वायर बदलली, तीन पिनांचं सॉकेट बसवलं आणि टेस्टर लावून दोनदा तपासलं.

"मावशी, इतके दिवस तुम्हाला या पाटाने वाचवलंय," जाताना तो म्हणाला.

रुक्मिणीने पाट धुऊन माळ्यावर टाकला. वायरीचा तो जुना तुकडा मात्र तिने जपून ठेवला.

दुपारी प्रेमा आली, पाय धुतले आणि तशीच थंड पाणी प्यायला फ्रिजकडे निघाली. परब दारात चपला काढत होते. एक पाय मोकळा झाला होता, तेवढ्यात पाट जागेवर नाही हे त्यांनी पाहिलं.

"हात लावू नकोस, मरशील!"

एका पायातल्या चपलेसकट ते थेट देव्हाऱ्यासमोर धावले. तोवर प्रेमाने दार उघडलंही होतं. झालं काहीच नाही. ती बापाकडे बघतच राहिली.

"मरेल कशाने?" चपाती लाटता लाटता रुक्मिणी म्हणाली. "नुसत्या मुंग्याच ना?"

प्रेमाने फ्रिजमधली एक झाकलेली वाटी बाहेर काढली. आत चिकटपट्टी गुंडाळलेला, करपलेला वायरीचा तुकडा होता. हे काय म्हणून तिने आईला विचारलं, तर आईने बाबांकडे बोट दाखवलं. परबांनी वाटी हातात घेतली आणि तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. पोरीला काही झालं असतं तर, या विचाराने त्यांनी तिच्या ओल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी रुक्मिणीला एवढंच विचारलं, की कोणाला बोलावलं होतंस.

संध्याकाळी ते स्वतः भीमराजच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मोरीतला दिवाही बघशील का रे?" ते हळूच म्हणाले. "तोही मीच लावलाय."