दर रविवारी दहा मिनिटं

डोंगराच्या अल्याड नवरा, डोंगराच्या पल्याड सासू, आणि मधल्या आभाळात ये-जा करणारी सून. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा संसार गेली दोन वर्षं असा तीन जागी वाटला गेला होता. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्या आपलं एका इंजिनाचं चिमुकलं विमान बाहेर काढायच्या, डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात उतरायच्या, दोन दिवस तिथल्या लोकांचे दात काढायच्या, भरायच्या, संध्याकाळी सासूबाईंच्या हातचं जेवायच्या आणि शनिवारी परतायच्या. पूर्वी शेजारच्या खुर्चीत नवरा असायचा. आता तिथे पट्टा बांधून औजारांची पेटी बसते.

नवऱ्याच्या फुप्फुसांनी एका आजारपणात जी हाय खाल्ली ती खाल्लीच. जमिनीवर माणूस धडधाकट दिसतो, बागेत खुरपं चालवतो, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडतो. पण उंचावरच्या विरळ हवेत त्याला श्वास पुरत नाही. आणि डोंगर काही कुणासाठी वाकत नाही. छोट्या विमानाला बारा हजार फूट चढावंच लागतं, आणि खिंडीतला रस्ताही जवळजवळ तितक्याच उंचीवरून जातो. एकदा नाकाला प्राणवायूची नळी लावून त्याला नेऊन पाहिलं. अर्ध्या वाटेत ओठ निळे पडले. बाईंनी विमान वळवलं. 

सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. त्या तिथून हलायला तयार नाहीत. "झाड कधी स्वतःला उपटून भेटायला जातं का?" म्हणतात, आणि फोनवर विषय बदलतात.

म्हणून दुसरं एक विमान बघायला जायचं ठरलं. दोन इंजिनांचं, पंचेचाळीस वर्षं जुनं, आणि मुख्य म्हणजे आत हवा दाबून धरणारं. बाहेर पंधरा हजार फुटांचं आभाळ असो, आत बसलेल्याला चार-पाच हजारांवर असल्यासारखं वाटावं, अशी त्याची घडण.

"माझ्यासाठी घेतेयस ना?" निघताना नवऱ्याने विचारलं होतं.

"छे. पेटीसाठी. तिलाही मोकळं बसायला जागा हवी."

तो हसला नाही. "नको तेवढा जीव लावू नकोस त्यात," एवढंच म्हणाला, आणि जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट आहे की नाही ते दोनदा तपासून डबा हातात दिला.

विमान होतं एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याचं. व्यापारी तीन वर्षांपूर्वी वारला. विकायला काढलं होतं त्याच्या बायकोने. ती सत्तरीची, ताठ पाठीची, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन विमान ठेवायच्या हँगरच्या दाराशी उभी होती. समोरची बाई दातांची डॉक्टर आहे हे कळताच तिने तोंड मिटून घेतलं आणि पहिली पाच मिनिटं ओठांच्या फटीतून बोलली.

"मी आज दात बघायला आलेली नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात आणि बघतातच," ती म्हणाली. मग स्वतःच हसली, आणि डावीकडची एक दाढ नसल्याचं दिसलंच.

डॉक्टरीणबाईंबरोबर मिस्त्रीमामा होते. अकरा वर्षं त्यांचं छोटं विमान मामांच्याच हाताखाली होतं. शब्द कमी, पाना जास्त, असा माणूस. त्यांनी विमानाला एक पूर्ण चक्कर मारली, पंखाखाली वाकून वास घेतला, पोटावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "आधी हवा."

हवेची परीक्षा म्हणजे विमान जागेवरच ठेवायचं, दार लावून घ्यायचं आणि बाहेरच्या कॉम्प्रेसरची नळी जोडून केबिनमध्ये हवा भरायची. आत एकाने काटा वाचायचा, बाहेर एकाने सांध्यांवर साबणाचं पाणी फासून बुडबुडे शोधायचे. डॉक्टरीणबाई आत बसल्या. मालकीणबाईही हट्टाने शेजारी येऊन बसली. "माझ्या घरात पाहुणी एकटी बसते का?" म्हणाली.

कॉम्प्रेसर गुरगुरला. कान दडपले. दोघींनी एकदमच आवंढा गिळला. काटा हळूहळू चढला, हव्या त्या खुणेशी येऊन टेकला. मामांनी बाहेरून काचेवर टकटक केलं आणि हवा भरणं बंद केलं. आता काटा किती वेगाने उतरतो ते बघायचं होतं. जुन्या विमानांत तो धावतच उतरतो. दाराच्या रबरातून शीळ ऐकू येते, हिवाळ्यातल्या खिडकीसारखी.

शीळ आली नाही. काटा उतरत होता, पण म्हातारा माणूस जिना उतरतो तसा, एकेक पायरीवर थांबत. आत इतकं शांत होतं की मालकीणबाईच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक कानावर येत होती. डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे ती परकी बाई होती. पण त्यांना दिसला तो नवरा, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, गालांवर साधा, जमिनीवरचा रंग.  

"रबर नवीन घातलंय का?" दार उघडल्यावर मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच कौतुक होतं.

"नवीन कुठलं? दर रविवारी पुसते मी. ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग पावडर. ते करायचे तसंच." मालकीणबाईचा चेहरा उजळला. "आणि दोन्ही इंजिनं चालू करते. दहा मिनिटं. तीन वर्षांत एक रविवार चुकवलेला नाही! ताप असला तरी आलेय. तुम्हाला इंजिनं नव्यासारखी मिळतील बघा."

मामांचा हात डब्यातल्या साबणाच्या पाण्यातच थांबला.

"उडवलं कुणी नाही मधे?"

"उडवणार कोण? मला येत नाही."

मामांनी हात पुसला, पुसला, कोरडा झाला तरी पुसतच राहिले. मग म्हणाले, "बाई, जरा पाणी मिळेल का प्यायला?" आणि ती घराकडे गेल्यावर त्यांनी डाव्या इंजिनाचं झाकण उघडलं.

तेलाची गाळणी त्यांनी काढली, गोल कापली, आतल्या कागदी घड्या ताटलीत सोडवल्या. पेट्रोलने धुतल्या. मग खिशातलं लोहचुंबक तळाशी फिरवून वर उचललं. चुंबकाला बारीक, चमचमती दाढी फुटली होती.

डॉक्टरीणबाईंना कुणी काही सांगायची गरज नव्हती. आयुष्य त्यांनी कीड बघण्यात घालवलं होतं.

"इंजिनात ओल धरते," मामा हळू आवाजात म्हणाले. "उडवलं, तासभर सडकून तापलं, तर ती वाफ होऊन निघून जाते. दहा मिनिटांत नुसता घाम येतो, आणि आतला घाम पुसायचा कुणी? दर आठवड्याला नवा घाम. त्याने गंज धरला, गंज घासला, आता लोखंड झडतंय. नुसतं झाकून ठेवलं असतं ना, तरी बरं होतं."

उजव्या इंजिनाची गाळणीही कापली. तीच दाढी.

डॉक्टरीणबाई पंखाच्या कडेला टेकल्या. त्यांच्याकडे असे रुग्ण यायचे. दिवसातून चारदा, जीव खाऊन दात घासणारे. हिरड्या मागे सरकलेल्या, मुळं उघडी पडलेली, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलाची अपेक्षा. अशांना सांगताना बाईंची जीभ सगळ्यांत जड व्हायची. आळशाला रागावता येतं. मायेला कसं रागवायचं?

"दुरुस्ती?"

"दोन्ही उतरवायची, पार सुटी करायची. कारखान्यात रांग आहे. दहा महिने धरा. वर झाले तर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

"आणि आहे तसं?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "आज चालू होतात ना दोन्ही? एकच फेरी, मामा. जाऊन येऊन दीड तास. त्याला एकदा त्याच्या आईच्या दारात उभं करते, मग करा काय ते सुटं."

मामांनी चुंबक फडक्यात गुंडाळलं. "तुमच्याकडे कुणी किडकी दाढ घेऊन आला आणि म्हणाला, एकदाच अक्रोड फोडू द्या, मग काढा. काय सांगाल?"

"इथे दाढा दोन आहेत. एक गेली तर दुसरी चालेल."

"दोघींनी एकाच रविवारी घाम गाळलाय, डॉक्टरीणबाई. रोग एक, तारीख एक. डोंगरावर दुसरीचा भरवसा तुम्ही धराल. मी नाही धरणार. आणि मी नाही म्हटल्यावर तुम्ही उडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. उगाच कशाला विचारता?"

बाईंनी मान खाली घातली. ठाऊक होतंच. विचारून बघितलं, इतकंच. भुकेल्याने रिकामा डबा एकदा उघडून बघावा, तसं.

"तिला काही बोलू नका," मामा म्हणाले. "पटलं नाही म्हणा, निघू. म्हातारीला कशाला जखम?"

"आणि पुढचा घेणारा मिस्त्री न आणता आला तर? तो उडेलच."

मामांनी ताटली उचलून बाईंच्या हातात दिली.

मालकीणबाई तांब्या घेऊन आली तेव्हा बाईंनी तिला पंखाच्या सावलीत बसवलं, स्वतः समोर बसल्या, आणि रुग्णाला सांगतात तसं सांगितलं. आधी काय झालंय, मग कशाने झालंय, मग काय करता येईल. एकही शब्द गोड केला नाही. ताटली दाखवली.

म्हातारीने ताटलीत बोट बुडवून पाहिलं. बोटावर चकाकी आली. बराच वेळ ती बोटच बघत राहिली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"हो."

"ते जाताना म्हणाले होते, चालवत राहा. बंद ठेवू नकोस." तिचा आवाज कोरडा होता. "मला उडवता येत नाही. मला जेवढं येत होतं तेवढं केलं."

मामा उगाच पान्यांची पेटी आवरू लागले.

"रबरही तुम्हीच पुसत होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समजूत घालायला सांगत नाही. मामांना विचारा. इंजिनं कारखान्यात पुन्हा नवी होतात. फुटकी केबिन होत नाही. आत हवा राहिली ती तुमच्यामुळे, आणि मला इंजिनांपेक्षा ती हवा पाहिजे आहे." मग, म्हणायचं नव्हतं तेही त्यांच्या तोंडून निघालं. "माझ्या नवऱ्याला लागते ती."

मालकीणबाईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आजारी आहे?"

"जमिनीवर नाही."

किमतीचं बोलणं पाच मिनिटांत उरकलं. इंजिनांचं मोल म्हातारीने स्वतःच शून्य धरलं. मामांनी "भंगाराचं तरी धरा" म्हणत थोडं वर नेलं. पण हो म्हणायच्या आधी बाईंनी आवारात जाऊन नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं, ताटलीपासून दहा महिन्यांपर्यंत.

 त्याचा श्वास ऐकू येत होता. त्या श्वासाचा आवाज त्यांना पाठ होता.

"दहा महिने," तो म्हणाला. "आई अठ्ठ्याऐंशीची आहे गं."

"मग नको म्हणू?"

"आईलाच विचार. तूच विचार. मी विचारलं तर ती मला बरं वाटेल असं खोटं बोलेल. तुझ्याशी खोटं बोलायचे कष्ट ती घेत नाही."

पल्याडचा फोन सातव्या घंटीला उचलला गेला.

"सूनबाई? आज काय, गुरुवार नाही की काही नाही. बरी आहेस ना?"

बाईंनी सांगितलं. सासूबाईंनी मधे दोनदा "काय?" आणि एकदा "मोठ्याने बोल, आभाळातून बोलल्यासारखी काय बोलतेस?" म्हटलं. शेवटी हिशेबाला बसल्यासारखा सुस्कारा आला.

"दहा महिने म्हणजे माझा पाय नव्वदीच्या उंबऱ्यावर. माझ्या भरवशावर विमान घेऊ नकोस हो. मी असेन, नसेन."

"मग नको घेऊ, आई?"

"अगं, नको कुठे म्हटलं? घे! मी नसले तरी त्याला यावं लागणारच आहे. माळ्यावरचा पसारा काय तू एकटी उपसणार? त्याच्या बापाची कागदपत्रं, त्याच्या शाळेच्या वह्या... ते त्याने स्वतः बघून फेकायचं. दुसऱ्याने फेकलेलं मला चालणार नाही."

"आणि तुम्ही असलात तर?"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. काहीतरी उगाच सरकवलं असावं.

"असले तर काय. केस कापून ये म्हणावं. मागच्या फोटोत भूत दिसत होता."

बाई हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. इतका वेळ त्या विमानाला एकच प्रश्न विचारत होत्या: वेळेत पोचशील का? सासूबाईंनी प्रश्नच बदलून टाकला होता. मुलगा आईपाशी पोचेल की तिच्या रिकाम्या घरापाशी, हे कुणाच्या हातात नव्हतं. वाट खुली करणं तेवढं हातात होतं.

पुढच्या शनिवारी मामा दोन माणसं आणि इंजिनं उचलायचा साखळीचा घोडा घेऊन आले. इंजिनं सोडवायला सुरुवात होणार, तेवढ्यात मामा ओरडले, "थांबा, थांबा! आधी शेपटीखाली टेकू. पुढचं वजन गेलं की हे बसकण मारेल मागे."

टेकू होता ट्रकमध्ये, दोऱ्यांच्या गुंत्याखाली. माणसं तो सोडवायला धावली. मालकीणबाई उठली, चालत मागे गेली आणि दोन्ही तळहात विमानाच्या शेपटीखाली लावून उभी राहिली.

"अहो बाई, अजून काही सुटलेलं नाही! आणि सुटलं तर तुम्हाला पेलणार आहे का ते?" मामा म्हणाले.

"मग लवकर आणा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात लावले.