एक बोट, पंचवीस किलोमीटर

ओल्या फळ्याचा वास आला की मला अजूनही विद्वांसकाका आठवतात. माघ सरत आलेला असतो, मानपाडा रोडवर रिक्षांचा कलकलाट अजून सुरू व्हायचा असतो, दूधकेंद्राच्या भिंतीवरच्या वार्ताफलकावर कोवळं ऊन तिरकं उतरलेलं असतं आणि त्या उन्हात एक उंच, किंचित वाकलेला माणूस फडकं पिळून फळा पुसत असतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, देवघरातली फरशी पुसावी तसा. कालची एक रेघ राहिली तरी आजचा नकाशा खोटा होतो, असं ते म्हणायचे. फळा वाळेपर्यंत ते तळहातावर खडू मांडून स्तब्ध उभे राहत आणि मग पहिल्या रेघेचा बारीक, कोरडा आवाज यायचा.

उभं आयुष्य त्यांनी एमआयडीसीतल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांची चित्रं काढण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर चौकातला फलक त्यांनी आपणहून अंगावर घेतला. एरवी त्यावर व्याख्यानं असत, पाणीकपात असे, कुणाची श्रद्धांजली असे. पण जगाच्या पाठीवर कुठेही युद्ध पेटलं की काकांचा फळा नकाशाचा होई. हे वेड एकाहत्तर सालचं. तेव्हा कल्याणच्या घरात त्यांच्या वडिलांनी वर्तमानपत्रातला युद्धाचा नकाशा स्वयंपाकघराच्या दारावर डकवला होता आणि घरातलं प्रत्येक माणूस जाता-येता त्या कागदावर बोट टेकवून सैन्य कुठवर पोहोचलं ते बघायचं. त्या लढाईत ओळखीचं कुणी नव्हतं, तरी कागद बोटांनी काळा झाला होता, हे सांगताना काका हसायचे.

त्यांच्या नकाशाचं प्रमाणही बोटाचंच. उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक दोन बारीक आडव्या खुणा, त्यांच्यामध्ये त्यांची तर्जनी आडवी बरोब्बर मावेल एवढी जागा, आणि खाली वळणदार अक्षरात ‘एक बोट = पंचवीस किलोमीटर’. मी समोरच्याच इमारतीत राहते आणि स्वतःला फार आधुनिक समजते. “काका, फोनवर उपग्रहातून सगळं दिसतं आता. कशाला हात पांढरे करता?” असं मी त्यांना चिडवायचे. “फोनवर तू एकटी बघतेस गं,” ते फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, “इथे चार माणसं उभी राहतात.” ते खरं होतं. दुधाच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवून माणसं त्या नकाशापुढे थांबायची, आणि ज्या गावांची नावं त्यांना धड उच्चारता येत नव्हती, त्या गावांसाठी हळहळायची.

त्या वर्षी काळ्या समुद्राच्या काठावर युद्ध सुरू झालं आणि फळ्यावर पहिल्यांदाच ओळखीचं माणूस आलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या सावंतकाकूंचा निखिल मालवाहू जहाजावर होता. जहाज तिथल्या एका बंदरात अडकलं. पुढे सुरुंग पेरलेला समुद्र, मागे चालून येणारी फौज. काकांनी निळ्या खडूने समुद्र रंगवला आणि काठावर नखाएवढं पांढरं जहाज काढलं. काकू रोज सकाळी यायच्या, पदराचं टोक मुठीत धरून त्या जहाजाकडे बघायच्या आणि परत जायच्या. फौजेचा लाल बाण रोज एखाद्या बोटाने पुढे सरकत होता. काका तो काढायचे तेव्हा खडू इतका हळू फिरे की आवाजसुद्धा होत नसे.

एका सकाळी मला बाण चुकलेला दिसला. रात्रीच्या बातम्यांत फौज बंदराच्या वेशीवर पोहोचली होती आणि काकांचा बाण चांगला दोन बोटं मागे थांबला होता. ज्यांच्या हातून सुताएवढी चूक कधी झाली नाही, त्यांच्या हातून पन्नास किलोमीटरची. मी शहाणपणा केलाच. “काका, ते कधीच पोहोचले.”

“माझ्या फळ्यावर अजून नाहीत पोहोचले,” ते म्हणाले. “पन्नास किलोमीटर म्हणजे इथून बोरीबंदर. तेवढं तरी राहू दे मध्ये.”

मला माझीच लाज वाटली. तीन दिवस तो बाण तिथेच राहिला. रोज फळा पुसला जाई, रोज नवा नकाशा उमटे, आणि बाण दोन बोटं मागेच थांबे.

चौथ्या दिवशी काकू नेहमीसारख्या परतल्या नाहीत. त्यांनी काकांच्या तळहातावरचा लाल खडू उचलला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग त्यांच्यापुढे केला.

“विद्वांसभाऊ, बाण पुढे घ्या. निखिल रोज फोन करतो मला. गोळे पडतात ते ऐकू येतं त्या फोनात.”

काका मान खाली घालून उभे राहिले. “मला वाटलं, तुम्हाला...”

“कळलं मला. पहिल्याच दिवशी कळलं.” काकूंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “म्हणून तर तीन दिवस यायला बरं वाटत होतं. पण तुम्हाला खोटं काढायला लागतंय, ते बघवत नाही. बाण न्या पुढे. जहाज तेवढं पुसू नका.”

काकांनी बाण पुढे नेला, जहाजाला टेकेपर्यंत. इतका दाब दिला की खडू मोडला. त्यानंतरचे आठ दिवस ते फळा पुसताना जहाजाभोवतीची तेवढी जागा सोडून पुसायचे. कालची रेघ राहू द्यायची नाही हा आपला नियम त्यांनी तेवढ्यापुरता मोडला होता. नवव्या दिवशी जहाजावरची सगळी मुलं बसने शेजारच्या देशात पोहोचल्याचा निरोप आला. काकू धावत आल्या आणि ते जहाज त्यांनी स्वतःच्या तळव्याने पुसलं.

गेल्या पौषात काका गेले. युद्ध अजून संपलेलं नाही, पण आता नकाशा काढणारं कुणी नाही, आणि माझ्यासकट सगळे आपापल्या फोनमध्ये एकेकटे बघतात. तरी फळा रोज पुसला जातो. सावंतकाकू दूध घ्यायला येताना ओलं फडकं घेऊन येतात, वरून खाली, डावीकडून उजवीकडे सगळा फळा स्वच्छ करतात, फक्त उजवा कोपरा सोडतात. तिथली अक्षरं पुसट झाली की त्याच पुन्हा गिरवतात. परवा आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी त्या दोन खुणांमध्ये माझं बोट आडवं ठेवून पाहिलं. माझं बोट बारीक. वर-खाली थोडी थोडी जागा उरली. गेलेला माणूस किती दूर गेला ते मोजायचं माप तो सोबतच घेऊन जातो, आणि आपल्याजवळ उरते ती एवढीशी, कुणाच्याच बोटाने न भरणारी जागा.