पाच लेकरांचा अर्ज

"पन मला ल्येकरं न्हाईतच, पंत," सोजरबाई म्हणाली. "एक बी न्हाई."

यज्ञेश्वरपंत वाचता वाचता थांबले. हडपसरची ही बाई तीन दिवस कचेरीच्या दारात बसून होती. आपल्या अर्जाचे काय झाले एवढेच तिला हवे होते, आणि पहारेकरी 'उद्या या' सांगून कंटाळला होता. शेवटी पंतच बाहेर आले आणि अर्ज केव्हाच नामंजूर झाल्याचे त्यांनी सांगितले. तिला पटेना, म्हणून आतून कागद आणून वाचून दाखवू लागले. 'पाच लेकरे अन्नाला मोताद झाली' इथवर येताच तिने त्यांना अडवले होते.

शके सतराशे आठचा आश्विन चालू होता. पुण्याच्या फडात, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, पंतांचे काम जरा चमत्कारिक होते. आलेले पत्र वाचायचे आणि वरिष्ठांसाठी त्यावर चार ओळींचे टिपण लिहायचे. पत्रात काय लिहिले आहे ते वरिष्ठांनाही वाचता येई. पंतांनी सांगायचे, ते पत्र काय साधू पाहते. लिहिणारा कोण, तो कुणाला पाघळवतो आहे, कुठे आवाज चढवतो, कशाला बगल देतो. नव्या कारकुनांना ते बजावत, की आपले मत झाडू नका. पत्रातला शब्द दाखवा आणि तो तिथे का बसवला आहे ते लिहा. तीस वर्षे हेच करून त्यांना आता मुंजीच्या आमंत्रणातही डाव दिसू लागला होता. त्यांची बायको मथुराबाई म्हणे, अहो, जेवायला बोलावलंय, जेवून या.

सोजरबाईच्या अर्जावरचे टिपण त्यांचेच. तिचा नवरा दत्तोबा सरकारी घोड्या चारायचा. एक घोडी नाहीशी झाली, तेव्हा चोरीचा आळ घेऊन त्याला बेड्या घातल्या आणि गडावर पाठवले. अर्ज आला आषाढात. पंतांनी लिहिले: "लेकरे तीनदा आली, एकाचेही नाव नाही. अश्रू ओळीओळीला, परंतु घोडी गेली त्या दिवशी नवरा कोठे होता, याचा उच्चार नाही. सबब लेकरे नसावीत. लेकरांविषयी खोटे सांगणारी नवऱ्याविषयीही सांगत असावी." टिपण झकास उतरले होते. फडाचे मुख्य दिगंबरपंत मान डोलावत वाचून गेले आणि खाली नामंजूर लिहून मोकळे झाले. नामंजुरीचे उत्तर गावी कळवण्याची रीत नव्हती. सोजरबाई पावसाळाभर वाट पाहत राहिली.

पंतांनी विचारले, अर्ज लिहिला कुणी? बाजारातल्या श्रीधरभटाने, ती म्हणाली. त्याने तिचे सगळे ऐकून घेतले, पण असल्या गोष्टींनी सरकारला दया येत नाही म्हणाला, आणि आपल्या पद्धतीने लिहून टाकले.

"तुम्ही काय सांगितलं होतं त्याला?"

"घोडी ग्येली त्या दिशी ह्ये गावात नव्हतंच. पाटलानं येठीला धरून लोणीला वझी वाहाया न्येलं हुतं. पाटलालाच इचारा, म्हनलं."

पंत पायरीवर बसले. त्यांच्या टिपणातला शब्द न् शब्द बरोबर होता. खोटे होतेच, फक्त ते बाईचे नव्हते. गरिबांचे अर्ज बाजारात लिहून घेतात हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होते, पंतांनाही होते. पण लिहिणारा कोण, या पहिल्याच प्रश्नाशी थांबायचा त्यांना कधीपासूनच कंटाळा येऊ लागला होता. टिपण आपण लिहिले हे त्यांना बाईला सांगवेना. ते आत गेले.

दिगंबरपंतांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, लिहून द्या. पंतांनी तिथेच बसून लिहून दिले.

"उत्तम. आता तुमच्याच रीतीनं वाचू," दिगंबरपंत म्हणाले. "लिहिणारा कोण? ज्याचं आधीचं टिपण फसलं तो. बगल कशाला? पुराव्याला. पाघळवायचं कुणाला? मला."

"पुरावा हडपसरचा पाटील आहे."

"मग पाटलाचं नाव घालून नवा अर्ज येऊ द्या. आपल्या शब्दावर हुकूम फिरवायला ही काही आपली ओसरी नाही."

यात चुकीचे काहीच नव्हते. फडाच्या कारकुनाने बाहेरच्याचा अर्ज लिहायचा नाही, हा नियमही दिगंबरपंतांनी न विचारता सांगितला. पण बाईला पुन्हा श्रीधरभटाकडे धाडले असते, तर पाचाची सात लेकरे झाली असती. पंतांनी थोडा वेळ विचार केला. खरे तर विचार करण्याइतकेही त्राण उरले नव्हते. त्यांनी कलमदान काखोटीला मारले, ते सरकारी आहे हे लक्षात येऊन परत ठेवले, आणि तीस वर्षांची जागा सोडून बाहेर आले.

अर्ज सात ओळींचा झाला. त्याला दोन दिवस लागले, कारण पंतांचा हात सवयीने 'अनाथ अबला' लिहून जाई आणि मग ते खोडावे लागे. सोजरबाईने तो दोनदा वाचून घेतला. म्हणाली, ह्येच म्या सांगितलं हुतं. मग सहीच्या जागी तिने बायकांची निशाणी म्हणून बांगडीचे चित्र काढले, जरा वाकडे.

पाटलाने आधी तीन महिने कानावर हात ठेवले आणि मग कबूल केले. दत्तोबा माघात सुटला. नवरा-बायको हिरव्या हरभऱ्याची पेंडी घेऊन पंतांकडे आले. पंत आता घराच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहीत. दत्तोबा एक पाय ओढत चालत होता. घोट्यावरची जखम अजून ओली होती. सोजरबाईने पेंडी पुढे ठेवली. दत्तोबा वाकून ओट्याला डोके टेकू लागला, तेव्हा पंतांना ते सोसवेना.

"थांबा," ते म्हणाले. "तुमच्या बायकोचा पहिला अर्ज फेटाळला, तो माझ्या टिपणावरून. मी नीट विचारलं असतं, तर तुम्ही दसऱ्याला घरी असता."

दत्तोबा तसाच अर्धवट वाकलेला राहिला.

"म्हंजी थंडीच्या आदी?"

"थंडीच्या आधी."

 भिंतीचा आधार घेत दत्तोबा सरळ झाला आणि चालू लागला. सोजरबाई पंतांकडे बघत उभी राहिली. मग तिने खाली वाकून पेंडी उचलली, मुळांची माती झटकली, ती डोक्यावर घेतली आणि नवऱ्यामागून गेली.

ती दोघे वळणाआड होईपर्यंत पंत बघत होते. पेंडी तिने नेली, याचे त्यांना वाईट वाटले नाही. ठेवून गेली असती, तर मात्र फार जड गेले असते.