लेफ्टनंटची जागा

माझा नवरा शशिकांत लेफ्टनंट झाल्याची बातमी आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, पेढ्यांबरोबर त्या शब्दाची जन्मकथाही घरोघरी वाटली. अंबरनाथच्या एका कारखान्यात फ्रेंच इंजिनिअरांबरोबर काम करताना ते थोडं फ्रेंच शिकले होते आणि ती विद्या पाजळायची एकही संधी सोडत नसत. "ल्यु म्हणजे जागा, तनाँ म्हणजे धरणारा. वरिष्ठ हजर नसला की त्याची जागा धरून ठेवतो तो लेफ्टनंट. फ्रेंचांकडून तो शब्द इंग्रजांनी उचलला आणि आपल्या शिपायांनी त्याचा लपटन करून टाकला!" शेजारच्या मोतीबाई गालात पेढा धरून मान डोलवत होत्या. मी नवी सून, मला हसू आवरेना.

पुढच्याच हिवाळ्यात, अठ्ठ्याऐंशी साली, उत्तरेकडच्या एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. तिथले कॅप्टन रजेवर होते. त्यांच्या जागी शशिकांत होता. बाकीचे सापडले, तो सापडला नाही.

त्या दिवसापासून अण्णा शब्दांबद्दल बोलेनासे झाले. सासूबाई, सुनंदा नाव त्यांचं, नुसत्या खिडकीत बसून राहायच्या. आणि मी? मी सगळ्यांशी भांडत होते. माझं कुंकू पुसायला निघालेल्या शशिकांतच्या आत्याबाईंना मी दारातूनच वाटेला लावलं. सापडला नाही म्हणजे गेला, हे ठरवणाऱ्या त्या कोण?

वर्ष उलटलं आणि अण्णांनी पळसविधीचा विषय काढला. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. मी उसळलेच. "पानांचा नवरा जाळून मी विधवा होऊ?"

"तू तेवीस वर्षांची आहेस. उद्या तुला शिकायचं असेल, पुन्हा लग्न करायचं असेल..."

"मी त्याची जागा धरून बसेन. तुम्हीच सांगितलंत ना त्या शब्दाचं?"

अण्णा म्हणाले, "जागा धरायची ती माणूस परत येईपर्यंत, वृंदा. ते कॅप्टन रजेवरून परत आले. आपला शशी यायचा नाही." आणि ते ढसाढसा रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. फार वाईट वाटलं, आणि माझ्याकडे भांडायला काही उरलं नाही.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरची राही बाजारात पत्रावळीची पानं विकायची. तिला देठासकट पानं आणायला सांगितली. भारा उतरवत तिनं हौसेनं विचारलं, "लगीन हाय का गो बाय घरान?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग खाली बसली आणि एकेक पान पदरानं पुसून ठेवायला लागली.

बदलापूर गावाजवळ, उल्हास नदीच्या काठी, गुरुजींनी दर्भावर सुकलेली पानं मांडली. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. "उंची केवढी होती?" त्यांनी विचारलं. सासूबाई पानांकडे बघत होत्या. मी हात उंच करून दाखवला, आणि तो खाली घ्यायचं सुचेना.

अग्नी अण्णांनी द्यायचा होता. मुलानं बापाला द्यायचा तो बापानं मुलाला. त्यांचा हात पुढे होईना. शेवटी मी तो हात धरला आणि आम्ही दोघांनी मिळून पेटवलं. गुरुजींनी वर पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवले.

सुकी पानंच ती. भराभर पेटली आणि बघता बघता बसायला लागली. गुरुजींनी विझवायला पाण्याचा तांब्या उचलला, तशा सासूबाई ओरडल्या, "थांबा हो! पाणी नका घालू." वर्षभरात त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या लगबगीनं पुढे आल्या, खाली बसल्या आणि कडेला उरलेली पानं हातानं निखाऱ्यांवर सारत म्हणाल्या, "फार थंडीत होता तो. जरा शेकू द्या त्याला."